भाषाविज्ञान, स्वनविज्ञान आणि स्वनिमविचार ऑनलाइन शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधले बीए-एमएचे विद्यार्थी, मराठी-इंग्रजीचे शिक्षक, सातपूर-अंबडला नोकरी करून रात्री अभ्यास करणारे हौशी, या सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. सांगितलेली साधनं जवळपास सगळी फुकट आहेत. बहुतेक इंग्रजीत आहेत आणि त्यांतली उदाहरणंही इंग्रजीचीच असतात. ती नुसती पाठ करू नका. प्रत्येक धड्याला आपल्या बोलण्यातला एक शब्द शोधायचा, हा आग्रह खाली जागोजाग दिसेल.

भाषाविज्ञान म्हणजे व्याकरणच ना?

शाळेतलं व्याकरण कसं बोलावं-लिहावं ते सांगतं. भाषाविज्ञान लोक कसं बोलतात ते बघतं. ‘पाणी’ म्हणणारा आणि ‘पानी’ म्हणणारा, दोघंही त्याच्या दृष्टीनं माहिती देणारे. चुकलेला कोणी नाही. हे एकदा पचलं की पुढचं सोपं जातं. न पचल्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात गळणारे पुष्कळ आहेत, त्यांत शिक्षक जास्त.

स्वनविज्ञान आणि स्वनिमविचार यांत फरक काय? दोन्हीकडे ‘उच्चार’च आहेत.

स्वनविज्ञान आवाजाकडे पाहतं : जीभ कुठे टेकली, स्वरतंतू कंप पावले का, हवेत कोणत्या कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) आवाज उठला. स्वनिमविचार विचारतो की या भाषेत त्या आवाजानं अर्थ बदलतो का, आणि तो आवाज कोणत्या नियमानं कुठे येतो.

मराठीत याचं फार छान उदाहरण आहे. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ म्हणा आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ म्हणा. लिहायला एकच, पण पहिल्यात जीभ दातांमागे जाते आणि दुसऱ्यात टाळूकडे. नुसत्या त्या एका फरकानं अर्थ बदलला, म्हणजे मराठीत हे दोन वेगळे स्वनिम, अर्थ बदलणारे आवाज, ठरतात. आता ‘चमचा’ म्हणा, मग ‘चमचे’. पहिल्या शब्दाच्या शेवटी ‘च’ दंततालव्य, म्हणजे दातांमागचा आहे, दुसऱ्यात ‘ए’ आल्याबरोबर तो तालव्य, म्हणजे टाळूकडचा झाला. ‘माझा’ आणि ‘माझी’चंही तेच. इथे वेगळा अर्थ घडवायला आवाज बदललेला नाही, पुढच्या स्वरानं तो ओढून नेला. एकाच जोडीतले आवाज एका जागी अर्थ वेगळा करतात आणि दुसऱ्या जागी मुकाट नियम पाळतात. स्वनिमविचाराचे पहिले दोन-तीन धडे एवढ्यात बसतात.

इंग्रजी जेमतेम आहे. सुरुवात कुठून करू?

मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तिथून. भाषाविषयक नोंदी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ना. गो. कालेलकरांनी लिहिल्या आहेत. नोंदी जुन्या आहेत, पण मराठी वाचकासाठी इतकं स्वच्छ लिहिणारा माणूस नंतर क्वचितच मिळाला. शेजारच्या टॅबमध्ये राज्य शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावरचा भाषाविज्ञान व वाङ्मयविद्या परिभाषा कोश उघडा ठेवा. परिभाषेत एकवाक्यता नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुणी ध्वनिविज्ञान म्हणतं, कुणी स्वनविज्ञान. त्यात अडकू नका. एक संज्ञा धरा आणि वहीत तिच्यासमोर इंग्रजी संज्ञा लिहून ठेवा, कारण पुढचं शोधणं इंग्रजी संज्ञेनंच होणार आहे.

त्यानंतर कॅथरीन अँडरसन यांचं ‘इसेन्शियल्स ऑफ लिंग्विस्टिक्स’ हे मुक्त पाठ्यपुस्तक घ्या. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून 2018 मध्ये आलं, दुसरी आवृत्ती 2022 ची. वाक्यं छोटी आहेत. बारावीच्या इंग्रजीवर निभावतं.

एकच कोर्स सांगा, फार पर्याय नकोत.

एनपीटीईएल-स्वयं या सरकारी ऑनलाइन मंचावरचा आयआयटी गुवाहाटीचा स्वनविज्ञान-स्वनिमविचाराचा कोर्स. भारतीय भाषांची उदाहरणं येतात, हा मोठा फायदा. व्हिडिओ पाहायला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं तरच परीक्षेचं शुल्क भरून केंद्रावर जायचं. नवी तुकडी सुरू नसली तरी जुनी व्याख्यानं पाहता येतात.

यूजीसीच्या ई-पीजी पाठशालेत भाषाविज्ञानाचे धडे आहेत. नेट या पात्रता परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ते उपयोगी पडतात, पण पहिल्यांदाच शिकणाऱ्याला कोरडे वाटतील. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवरचे प्रश्नसंच मात्र जरूर सोडवा. भाषाविज्ञान वाचून येत नाही, गणितासारखं सोडवून येतं.

यूट्यूबवर काय पाहू?

जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठात शिकवलेल्या युर्गेन हांडके यांचं ‘व्हर्च्युअल लिंग्विस्टिक्स कॅम्पस’. सावकाश बोलतात, फळ्यावर मुद्देसूद लिहितात. ‘पाच मिनिटांत आयपीए’ (आयपीए म्हणजे कुठल्याही भाषेचे उच्चार लिहिण्याची आंतरराष्ट्रीय लिपी) छापाचे व्हिडिओ बहुतेक इंग्रजी उच्चार सुधारण्यासाठी असतात. तो धंदा वेगळा.

आयपीएचा तक्ता पाठ करायचा का?

नाही. वाचायला शिकायचा. ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा हा तक्ता आहे ती 1886 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. तक्त्याची 2020 ची सुधारित प्रत तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. आडव्या ओळीत डावीकडे ओठ, उजवीकडे सरकत शेवटी कंठ. आपली वर्णमाला उलट दिशेनं चालते : क-वर्ग घशाकडून सुरू होतो आणि प-वर्ग ओठांवर संपतो. म्हणजे अर्धा तक्ता तुम्हाला पहिलीपासून येतो आहे, फक्त आरशात पाहायचा.

त्याच संस्थेच्या संवादी तक्त्यात एकाच चिन्हाचे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी केलेले उच्चार ऐकता येतात. दोन तज्ज्ञांचे उच्चार तंतोतंत सारखे नसतात हे कानावर पडलेलं बरं. जीभ आत नेमकी काय करते ते पाहायचं असेल तर ग्लासगो विद्यापीठाचा ‘सीइंग स्पीच’ प्रकल्प बघा. एमआरआय आणि अल्ट्रासाउंडच्या चित्रफिती आहेत. ट-ठ-ड-ढ म्हणताना जिभेचं टोक मागे वळतं हे आपण शाळेत ‘मूर्धन्य’ म्हणून घोकलं होतं. इथे ते वळताना दिसतं.

देवनागरी तर ‘जसं बोलतो तसं लिहितो’. मग आयपीए कशाला?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि थोडा अभिमानानं येतो. अभिमान रास्त आहे. प, फ, ब, भ असा चौपदरी फरक वेगवेगळ्या अक्षरांनी दाखवणं रोमन लिपीला आजही नीट जमत नाही. पण ‘जसं बोलतो तसं’ हे खरं नाही.

वर ‘च’ आणि ‘ज’ पाहिलेच. ‘झ’चीही तीच गोष्ट. दोन-दोन उच्चार, अक्षर एकेक. ‘बदल’ म्हणताना ‘द’मधला ‘अ’ ऐकू येतो, ‘ल’मधला नाही, ‘बदला’ म्हटलं की ‘द’मधलाही गेला. लिपीत तिन्ही अक्षरं जागच्या जागी. ‘श’ आणि ‘ष’ आपण वेगळे लिहितो आणि बहुतेक जण एकसारखे बोलतो. ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्य’ म्हणतात. अक्षर मात्र दोघांचं एक. आणि ‘दिन’-‘दीन’? मोठ्यानं म्हणून शेजाऱ्याला ओळखायला सांगा. ऱ्हस्व-दीर्घावर शाळेत जेवढे गुण गेले त्यातले निम्मे परत मागावेत असं वाटेल.

उलट काही ठिकाणी लिपी फार बारकाईनं ऐकते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक आहे. पहिल्यात ‘चा’वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. तो दाखवायला मराठीनं अर्ध्या ‘र’चं वेगळं रूप सांभाळलं आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही. तेव्हा देवनागरी टाकायची नाही. ती कुठे ऐकते आणि कुठे कान बंद करते ते ओळखण्यासाठी दुसरी लिपी शिकायची.

आयपीए टाइप करायला ‘टाइपइट’सारखं ऑनलाइन कळफलकाचं पान पुरतं. चिन्हांऐवजी चौकोन दिसू लागले तर एसआयएल या भाषाविषयक संस्थेचा ‘करिस’ किंवा ‘डूलॉस’ फॉन्ट उतरवा.

प्राट काय आहे? भारी संगणक लागतो का?

आवाजाचं विश्लेषण करणारं मोफत सॉफ्टवेअर. ॲमस्टरडॅम विद्यापीठातले पाउल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी बनवलं. जगभरच्या स्वनविज्ञानाच्या प्रयोगशाळांत हेच चालतं. जुन्या लॅपटॉपवरही धावतं. दिसायला ओबडधोबड आहे, त्यानं बिचकू नका.

पहिला प्रयोग हा करा. ‘मी चमचा म्हणतो’, ‘मी चमचे म्हणतो’ ही दोन वाक्यं आळीपाळीनं पाच-पाच वेळा रेकॉर्ड करा. शब्द सुटा म्हणू नये, सुटा म्हटला की आपण वर्गात उभं राहिल्यासारखं बोलतो. फाइल प्राटमध्ये उघडा आणि ‘व्ह्यू अँड एडिट’ दाबा. वर लाटांची रेघ, खाली करडा पट्टा. तो पट्टा म्हणजे स्पेक्ट्रोग्राम : डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर कंप्रता, जिथे आवाज जोराचा तिथे रंग गडद.

दुसरा ‘च’ शोधा. आधी पांढरी फट दिसेल. तिथे जिभेनं हवा अडवली आहे. मग बारीक उभी रेघ म्हणजे स्फोट, आणि तिच्यामागे करड्या रंगाचा खरखरीत ठिपका, म्हणजे घर्षण. ‘चमचा’त हे घर्षण वरच्या बाजूला गोळा झालेलं असतं, ‘चमचे’मध्ये ते खालपर्यंत उतरतं.

नव्वद टक्के लोकांचं इथेच अडतं : ‘काहीच दिसत नाही!’ कारण प्राट मुळात 5000 हर्ट्झपर्यंतचाच पट्टा दाखवतं आणि दंततालव्याची गंमत त्याच्या वर चाललेली असते. स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये वरची मर्यादा 10000 करा. आता दिसेल.

दुसरा प्रयोग स्वरांचा. ‘फॉरमंट्स’ (स्वरातल्या ठळक कंप्रता) चालू केले की लाल ठिपक्यांच्या ओळी येतात. ‘ई’ म्हणा, पहिल्या दोन ओळी एकमेकींपासून लांब जातील. ‘आ’ म्हणा, जवळ येतील. बाईच्या आवाजासाठी फॉरमंटची कमाल मर्यादा 5500 हर्ट्झ ठेवतात, पुरुषाच्या आवाजासाठी 5000. हे न बदलता वडिलांचा आणि बहिणीचा आवाज एकाच सेटिंगवर मोजला तर आकडे चक्रावून टाकतात. मग जमल्यास ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतल्या स्वरांची लांबी मिलिसेकंदांत मोजा आणि वरच्या वादाचा निकाल स्वतः लावा.

मोबाइलवर प्राट चालतं का?

नाही. रेकॉर्डिंग मोबाइलवर करा, पाहायला संगणक लागतोच. घरी नसेल तर कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत परवानगी काढा. प्राटला इन्स्टॉल करण्याचीही गरज नसते, पेनड्राइव्हवरून चालतं.

मावशीनं व्हॉट्सॲपवर आवाज पाठवलाय. तो मोजला तर चालेल?

ऐकायला चालेल, मोजायला नाही. व्हॉट्सॲप आवाज दाबून लहान करतं आणि त्यात बारीक तपशील जातो, घर्षण तर आधी. रेकॉर्डिंग वेव्ह स्वरूपात, 44100 हर्ट्झ, 16 बिट, मोनो असावं. मोबाइलच्या मूळ रेकॉर्डरमध्ये वेव्हचा पर्याय नसेल तर तो देणारं ॲप घ्या. फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, तशी पाठवली तर ती दाबली जात नाही.

पंखा बंद, फ्रिज लांब, मोबाइल तोंडापासून एक वीत आणि थोडा बाजूला, म्हणजे ‘फ’ची हवा थेट माइकवर आदळणार नाही. गाद्या-कपड्यांची खोली चांगली. फरशी आणि काचा असलेला हॉल वाईट. निफाड-दिंडोरीकडे छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणीचे ब्लोअर सुरू झाले की दिवसा रेकॉर्डिंगचं नावही काढू नये. रात्रीच्या जेवणानंतर बसा.

आमच्या घरी अहिराणी बोलतात. तिच्यावर ऑनलाइन काही आहे का?

आहे, आणि तुम्ही सटाणा, मालेगाव, देवळा, कळवणकडचे असाल तर पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला प्रवास करून जे मिळवावं लागतं ते तुमच्या ओट्यावर आहे.

आधी जुनं. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचे खंड 1903 ते 1928 मध्ये निघाले, आता स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. मराठीचा सातवा खंड 1905 चा. पण खानदेशी (म्हणजे अहिराणी) त्यात शोधू नका. ग्रिअर्सननं ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल भाषांबरोबर ठेवली, 1907 मध्ये. ही वर्गवारी सगळ्यांना पटलेली नाही आणि वाद वाचण्यासारखा आहे. सर्वेक्षणात भाषेमागून भाषेत बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतरित केलेली आहे, त्यामुळे नमुने शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. त्या सर्वेक्षणाच्या काळातल्या ग्रामोफोन तबकड्या शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर ऐकायला मिळतात. मोल्सवर्थचा मराठी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती, तिथेच शोधता येतो.

मग नवं. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि ते नकाशांसह ऑनलाइन ठेवलं. आपल्याकडे बोलींवर ‘गोड’, ‘रांगडी’, ‘लोप पावत चाललेली’ असले अग्रलेख खूप निघतात. कोणता शब्द कोणत्या गावात बोलला जातो हे दाखवणारा नकाशा फार दुर्मीळ. हा तसा आहे.

आणि मग तुमचं स्वतःचं काम. ‘शाळा’ला ‘शाया’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ घरात कोण म्हणतं? आजी म्हणते, आई म्हणते का? तुम्ही नाशिकला आल्यावर सोडलंत का? फोनवर गावाकडे बोलताना परत येतं का? ‘जाई ऱ्हायना’ मधला ‘ऱ्ह’ प्राटमध्ये बघा, ‘र’ आणि ‘ह’ एकामागून एक दिसतात की एकत्र मिसळलेले? असा एक प्रश्न घेतला तरी एमएच्या प्रबंधिकेला पुरतो. सुरगाणा-पेठकडची कोकणा, इगतपुरीकडची ठाकरी, यांनाही हेच लागू. वेळेनुसार आवाज आणि मजकूर जुळवून ठेवायला नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं ‘एलान’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे.

रेकॉर्ड करण्याआधी विचारा आणि त्या आवाजाचं काय करणार ते सांगा. आजीला ‘तुझी भाषा मोजायचीय’ म्हटलं की ती पुस्तकी मराठी बोलायला लागते. भाकरीचं पीठ कसं मळायचं ते विचारा.

फोइबल, वाल्स ही नावं ऐकली. काय उपयोग?

‘फोइबल’ म्हणजे जगातल्या भाषांच्या स्वनिमांची यादी. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत 2186 भाषांचे 3020 संच आहेत. संच भाषांपेक्षा जास्त का? एकाच भाषेचं वर्णन दोन अभ्यासकांनी वेगळं केलं, तर दोन्ही ठेवले आहेत. आपल्याला हेच शिकायचं असतं. ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ हे एकेक स्वनिम धरायचे की दोन-दोन आवाजांच्या जोड्या, यावर मराठीत स्वनिम किती याचं उत्तर बदलतं. ‘वाल्स’ हा भाषांच्या रचनेचा नकाशासंग्रह : वाक्यात क्रियापद कुठे येतं, नाकातून उच्चारलेले स्वर कोणत्या भागात सापडतात, असं. प्रत्यक्ष आवाज ऐकायचे तर कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएचा स्वनसंग्रह, दोनशेहून अधिक भाषा.

मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर मराठी आहे म्हणे?

आहे. वेगवेगळ्या लोकांची वाचलेली वाक्यं, मुक्त परवान्यानं. कान तयार करायला छान. एमपी3 असल्यानं बारीक मोजमापाला नको.

चॅटबॉटला विचारून शिकलं तर?

संज्ञा समजून घ्यायला ठीक. मराठी शब्दाचं आयपीए लेखन त्याच्याकडून घेऊ नका. ‘च’च्या जागी हिंदीचा ‘च’ बसवून मोकळा होतो, तोही अगदी आत्मविश्वासानं. आधी स्वतः लिहा, मग त्याच्याशी भांडा.

मुलगी नववीत आहे, तिला कोडी आवडतात. इतक्यात काही?

भाषाविज्ञान ऑलिंपियाड. आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2003 मध्ये बल्गेरियात सुरू झाली, 2016 मध्ये ती म्हैसूरला भरली होती. भारताचा संघ पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिंपियाडमधून निवडतात. जुने प्रश्न उत्तरांसह संकेतस्थळावर आहेत. अनोळखी भाषेतली दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ विस्कटून दिलेले असतात, जुळवायचे आणि नियम शोधायचे. आधीचं ज्ञान लागत नाही. सुट्टीत तिच्याबरोबर तुम्हीही बसा. बहुधा ती आधी सोडवेल.

पुस्तकं फुकट आणि सरळ मार्गानं मिळतात?

बर्लिनचं लँग्वेज सायन्स प्रेस सगळी पुस्तकं मोफत देतं, ती वरच्या पातळीची आहेत. जुन्या मराठी पुस्तकांसाठी आधी इंटरनेट आर्काइव्ह, मग 1840 पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय. भाषेच्या कपाटाशी गर्दी नसते.

नाशिकमध्ये राहून पदवी करता येईल का?

मराठी किंवा इंग्रजीच्या एमएत भाषाविज्ञानाचे पेपर असतात, ते इथे होतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर गोवर्धनला, आपल्या दाराशी आहे; प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीची अभ्यासक्रमाची यादी नीट वाचा. भाषाविज्ञानाचीच एमए हवी असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा मुंबई विद्यापीठ. नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे आणि दुसऱ्या विषयातून आलेल्यांची तिथे व्याख्या पाठ करून दमछाक होते. प्रश्नसंच सोडवत आलेल्यांची होत नाही.

हे शिकून माझे इंग्रजी उच्चार सुधारतील का?

थोडे. आपण ‘व्ह’ आणि ‘व’ कुठे गोंधळतो, इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’ला थोडा ‘ह’ का लागतो, हे कळेल. पण नोकरीच्या मुलाखतीसाठी पंधरा दिवसांत उच्चार बदलायचे असतील तर हा मार्ग लांबचा आहे, त्यासाठी सरळ बोलण्याचा क्लास लावा. मुलाच्या बोलण्यात अडचण असेल तर वाक्-उपचार तज्ज्ञाकडेच जा. प्राटवर मुलाचा आवाज पाहून घरी निदान करू नका.